घाटात, धुक्यात आणि पावसात गाडीचे दिवे: कोणता, केव्हा आणि का

जोयडा तालुक्यातून बाहेर पडायचे तर घाट किंवा जंगल चुकत नाही. कारवारला जायचे तर अणशी घाट, गोव्याला जायचे तर तिनईघाट आणि अनमोड, बेळगावला जायचे तर रामनगर, लोंढा, खानापूर. धारवाडच्या दवाखान्यात जायचे तरी दांडेलीपर्यंतचा रस्ता झाडीतूनच जातो. आपल्या बहुतेक घरांत आता चारचाकी किंवा दुचाकी आहे आणि मुले-नातवंडे सुट्टीला पुण्या-मुंबईहून, बंगळूरहून गाडी चालवत येतात. शहरात दिवे लागलेल्या रस्त्यावर गाडी चालवण्याची सवय असलेल्याला इथला रस्ता वेगळा आहे हे सांगावे लागते. म्हणून सभासदांसाठी ही माहिती एकत्र लिहून ठेवत आहे.

सुरुवातीलाच मुख्य गोष्ट सांगतो. गाडीचे दिवे दोन कामे करतात: आपल्याला रस्ता दाखवणे आणि आपली गाडी दुसऱ्याला दाखवणे. आपण फक्त पहिल्या कामाचा विचार करतो. "मला दिसतंय की, मग लाइट कशाला?" हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकले आहे. धुक्यात आणि पावसात दुसरे काम पहिल्याइतकेच मोलाचे असते, आणि तिथे जास्त उजेड म्हणजे जास्त दिसणे असे समीकरण मुळीच नसते.

कायदा काय सांगतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०५ नुसार सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून सूर्योदयापूर्वी अर्ध्या तासापर्यंत गाडीचे दिवे लागलेले असले पाहिजेत. एवढे बहुतेकांना माहीत असते. त्याच नियमाचा दुसरा भाग मात्र फारसा कोणी वाचत नाही. तो असा की, एरवीही ज्या ज्या वेळी पुढच्या १५५ मीटरवरची माणसे आणि वाहने स्पष्ट ओळखू येण्याइतका उजेड नसेल, त्या त्या वेळी दिवे लावलेच पाहिजेत.

आपल्या भागासाठी हा दुसरा भागच खरा महत्त्वाचा. डिसेंबरात सूर्य साधारण सहाच्या सुमारास मावळतो, पण अणशीच्या दाट झाडीत पाच वाजताच अंधारून येते. जुलै-ऑगस्टमध्ये तर भर दुपारी बाराला ढग रस्त्यावर उतरतात. तेव्हा घड्याळ पाहून चालत नाही, समोर पाहावे लागते.

१५५ मीटर डोळ्यांनी मोजायचे कसे? सोपा उपाय आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे ११ मीटर पुढे जाते. समोर धुक्यातून एखादे झाड किंवा पाटी नुकती दिसू लागली की तिथून मनात सेकंद मोजायला लागावे. तिच्यापाशी पोहोचेपर्यंत चौदा सेकंद झाले तर आपल्याला साधारण १५५ मीटर दिसते आहे. पाचच सेकंद झाले तर फक्त ५५ मीटर. चौदाच्या आत आकडा आला की दिवे लावायचे, मग घड्याळात काही वाजलेले असोत.

आपल्या गाडीत कोणकोणते दिवे असतात

*पार्किंग लाइट.* हे पुढचे छोटे दिवे, त्यांच्याबरोबर मागचे टेल लाइटही लागतात. नावाप्रमाणे ते उभ्या गाडीसाठी आहेत. पावसात फक्त पार्किंग लाइटवर गाडी चालवणारे पुष्कळ दिसतात. ते पुरेसे नाही, समोरच्याला हा उजेड फार उशिरा दिसतो.

*डिपर,* म्हणजे हेडलाइटचा खाली झुकलेला झोत. डॅशबोर्डवर याची खूण हिरवी असते आणि तिच्यातल्या रेघा खाली उतरत्या असतात. याचा उपयोगी उजेड साधारण ४० ते ६० मीटरपर्यंत पोहोचतो.

*अप्पर,* म्हणजे सरळ दूर जाणारा झोत. याची खूण निळी, रेघा आडव्या. खुणेचा रंग मुद्दाम निळा ठेवलेला आहे, म्हणजे तो चालू असल्याचे चालकाच्या लक्षात राहावे.

*पुढचे फॉग लाइट.* हे बंपरमध्ये खाली बसवलेले असतात. झोत रुंद, चपटा आणि जवळचा. खूण हिरवी: दिव्यातून डावीकडे निघालेल्या रेघा आणि त्यांना छेदणारी एक नागमोडी रेघ.

*मागचा फॉग लाइट.* टेल लाइटपेक्षा पुष्कळ जास्त प्रखर लाल दिवा. काही गाड्यांत तो एकाच बाजूला असतो, त्यामुळे दुसरा बिघडला आहे असे समजू नये. खूण पिवळट-नारिंगी, रेघा उजवीकडे. सगळ्याच गाड्यांत हा नसतो. आपल्या गाडीत आहे का, हे एकदा गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवावे.

*दिवसाचे दिवे,* ज्यांना डीआरएल म्हणतात. नव्या गाड्यांत इंजिन सुरू होताच पुढे पांढऱ्या पट्ट्या उजळतात. यात एक मोठी फसगत आहे. बहुतेक गाड्यांत डीआरएल लागले तरी मागचे टेल लाइट लागत नाहीत. चालकाला वाटते दिवे चालू आहेत आणि गाडीची मागची बाजू मात्र धुक्यात पूर्ण काळोखी असते. "ऑटो" वर ठेवलेल्या दिव्यांचेही तसेच. त्यातला सेन्सर उजेड किती आहे हे पाहतो, धुके किती आहे हे त्याला कळत नाही. पांढऱ्याशुभ्र धुक्यात दुपारी उजेड भरपूर असतो, म्हणून तो दिवे लावत नाही. पावसाळ्यात घाटात शिरताना बटण स्वतःच्या हाताने हेडलाइटवर फिरवावे.

दुचाकीचे वेगळे आहे. १ एप्रिल २०१७ पासून विक्रीस आलेल्या नव्या दुचाकींचा हेडलाइट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. "भाऊ, दिवसा लाइट चालू राहिला" असे हात हलवून सांगणारे अजून भेटतात. त्यांना सांगावे की तो तसाच असायचा. त्याआधीची दुचाकी असेल तर पावसात दिवा आठवणीने लावावा.

धुक्यात अप्पर का लावू नये

धुके म्हणजे हवेत तरंगणारे पाण्याचे बारीक थेंब. अप्परचा झोत सरळ आणि वर जातो, तो या थेंबांवर आदळतो आणि मोठा भाग उलट आपल्याच डोळ्यांत परत येतो. समोर पांढरी भिंत उभी राहते. डिपर लावला की झोत खाली रस्त्याकडे जातो, डोळ्यांत परत येणारा उजेड कमी होतो आणि रस्ता थोडा जास्त दिसतो. फॉग लाइट त्याहून खाली आणि चपटा असल्याने तो धुक्याच्या खालून रस्त्याची कड आणि पांढरी रेघ दाखवतो. दूरचे दाखवणे हे त्याचे कामच नाही. म्हणून धुक्यात डिपर आणि फॉग लाइट एकत्र वापरावेत, आणि गाडी त्या उजेडाला झेपेल इतकीच हळू चालवावी.

पिवळा दिवा धुके कापतो असे आपल्याकडे सर्रास मानले जाते. पण धुक्याचे थेंब प्रकाशाच्या लहरींच्या मानाने इतके मोठे असतात की ते पिवळा आणि पांढरा प्रकाश जवळजवळ सारखाच विखुरतात. फ्रान्समध्ये १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून १९९३ पर्यंत गाड्यांना पिवळेच हेडलाइट सक्तीचे होते, पुढे ती सक्ती गेली. पिवळा प्रकाश काहींच्या डोळ्यांना कमी टोचतो, एवढा त्याचा फायदा मानता येईल. पण हेडलाइटवर पिवळा कागद चिकटवल्याने झोताची दिशा बदलत नाही, उजेड मात्र कमी होतो. धुक्यात उपयोग होतो तो झोताच्या आकाराचा आणि उंचीचा.

फॉग लाइट केव्हा लावावेत, केव्हा बंद करावेत

ब्रिटनच्या वाहतूक नियमांत यासाठी १०० मीटरचे माप दिले आहे: साधारण तेवढे दिसत नसेल तर हेडलाइट लावलेच पाहिजेत, जोडीला फॉग लाइट लावता येतात, आणि दिसू लागले की फॉग लाइट बंद केलेच पाहिजेत. जर्मनीत मागचा फॉग लाइट ५० मीटरपेक्षा कमी दिसत असेल तेव्हाच लावायला परवानगी आहे. ही मापे आपल्यालाही सोयीची आहेत. वर सांगितलेली सेकंदांची मोजणी वापरावी: ताशी ४० च्या वेगाला नऊ सेकंदांपेक्षा कमी म्हणजे पुढचे फॉग लाइट, साडेचार सेकंदांपेक्षा कमी म्हणजे मागचाही. अर्थात इतके कमी दिसत असताना ताशी ४० चा वेगही जास्तच आहे.

मागच्या फॉग लाइटची सवय काटेकोर हवी. तो ब्रेक लाइटइतकाच प्रखर असतो. धुके नसताना तो चालू राहिला तर मागच्याचे डोळे दिपतात आणि आपण ब्रेक दाबल्याचे त्याला चटकन कळत नाही. धुक्यातही मागे एखादी गाडी ठरावीक अंतर ठेवून येऊ लागली, म्हणजे आपण तिला दिसलो आहोत, तर तो बंद केलेला बरा.

रामनगरहून अनमोडकडे जाताना धुके सलग नसते. एका वळणावर काही दिसत नाही आणि पुढच्या वळणावर लख्ख उघडते. अशा वेळी पुढचे फॉग लाइट चालू ठेवण्यास हरकत नाही, पण घाट उतरून मोलेच्या बाजूला सपाटीला लागलो की बंद करावेत. गावात, बाजारात, कोरड्या रात्री फॉग लाइट लावून फिरणे हे निव्वळ शोभेचे आहे आणि समोरच्या सायकलवाल्याला त्याचा त्रास होतो.

मुसळधार पावसात

पाऊस दिवसाचा असो की रात्रीचा, वायपर सतत चालवावा लागतो आहे म्हणजे डिपर लावायचा, ही साधी खूण लक्षात ठेवावी. ओला डांबरी रस्ता आरशासारखा असतो. आपला झोत पुढे परावर्तित होऊन निघून जातो, म्हणून आपल्याला रस्ता काळा दिसतो, आणि समोरच्याच्या झोताची चकाकी मात्र आपल्या डोळ्यांत येते. त्यात काचेला आतून वाफ धरली की उरलेसुरलेही दिसेनासे होते. एसी काचेकडे वळवावा, हाताने किंवा फडक्याने पुसत बसू नये.

आपल्याकडची तांबडी माती ही आणखी एक अडचण. पुढच्या ट्रकने उडवलेला चिखल हेडलाइटच्या काचेवर बसला की उजेड पुष्कळ घटतो आणि वेडावाकडा पसरतो. घाटाच्या आधी कुठेतरी थांबून ओल्या फडक्याने पुढचे-मागचे दिवे आणि नंबर प्लेट पुसावी. दोन मिनिटांचे काम आहे.

अप्पर कुठे, डिपर कुठे

अप्पर वाईट नाही. मोकळ्या, कोरड्या, अंधाऱ्या रस्त्यावर समोर आणि पुढे कोणी नसेल तर तोच लावावा. पण पुढील प्रसंगी डिपर द्यायलाच हवा: समोरून गाडी, दुचाकी किंवा सायकल येत असताना, दुसऱ्या गाडीच्या मागे चालताना, कारण आपला झोत तिच्या आरशातून चालकाच्या डोळ्यांत जातो, वस्तीतून जाताना, आणि चढाच्या माथ्यावर पोहोचण्याआधी, कारण पलीकडून येणारा आपल्याला शेवटच्या क्षणी दिसतो.

घाटातल्या आंधळ्या वळणावर दोन-तीनदा अप्पर-डिपर करणे योग्य आहे. वळणापलीकडच्याला उजेडाची हालचाल दिसते आणि कोणीतरी येत असल्याचे कळते. दाट धुक्यात मात्र हा उजेड पोहोचत नाही, तिथे हॉर्न द्यावा. अरुंद जागी चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची हा घाटाचा नियम आहे. समोरच्याने नुसता उजेड मारला म्हणजे "या" असेही असू शकते आणि "थांबा, मी येतोय" असेही. त्यावर विसंबून गाडी पुढे घालू नये.

समोरच्याने अप्पर खाली केलाच नाही तर? आपणही अप्पर मारून उत्तर देण्याचा मोह होतो. त्याने एकाऐवजी दोन चालक आंधळे होतात. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या रेघेवर न्यावी आणि वेग कमी करावा. डोळे दिपल्यावर पुन्हा नीट दिसायला काही सेकंद लागतात आणि वयाबरोबर हा वेळ वाढतो. ताशी ४० च्या वेगाने तीन सेकंदांत गाडी ३३ मीटर जाते, तीही जवळजवळ न पाहता. साठीच्या पुढच्या सभासदांनी रात्रीचा घाट टाळावा किंवा गाडी तरुण हातात द्यावी, हे यासाठी. मोतीबिंदूची सुरुवात असेल तर समोरचा दिवा फुटून पसरल्यासारखा दिसतो. तसे होत असेल तर डोळे तपासून घ्यावेत.

वेग आणि झोत यांचा हिशोब

रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसने गाडी सुरक्षित थांबवण्यासाठी समोर किती रस्ता दिसायला हवा याचे आकडे दिले आहेत. ताशी २० किमी वेगाला २० मीटर, ३० ला ३० मीटर, ४० ला ४५ मीटर, ५० ला ६० मीटर, ६० ला ८० मीटर आणि ८० ला १२० मीटर. यात चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाण्याचा वेळही धरलेला आहे.

आता डिपरचा उजेड ४० ते ६० मीटर जातो हे यापुढे ठेवून पाहा. डिपरवर ताशी ६० ने जाणारा माणूस आपल्या उजेडाच्या पलीकडे गाडी चालवतो आहे. त्याला अडथळा दिसेल तेव्हा थांबायला जागा उरलेली नसेल. धुक्यात ३० मीटर दिसत असेल तर वेग ३० च्या वर नको. उतार, ओला रस्ता आणि झिजलेले टायर असतील तर याहूनही कमी. फॉग लाइट लावल्याने हा हिशोब बदलत नाही.

जंगलातील रस्ता

आपले अनेक रस्ते काळी व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून किंवा त्याच्या कडेने जातात. रात्री रस्त्यावर सांबर, चितळ, गवा, क्वचित बिबट्याही असतो. प्रखर झोत डोळ्यांत गेला की जनावराला काही दिसेनासे होते आणि ते पळण्याऐवजी जागीच थिजते. अशा वेळी डिपर द्यावा, गाडी थांबवावी, हॉर्न न वाजवता त्याला जाऊ द्यावे. एक चितळ गेले म्हणजे रस्ता मोकळा झाला असे नाही, मागून कळप येतो. गव्याचा रंग काळपट असल्याने तो अंधारात फार उशिरा दिसतो, आणि त्याचे वजन आपल्या छोट्या मोटारीच्या जवळपास असू शकते, हे विसरू नये.

माघात उळवीच्या जत्रेच्या दिवसांत बैलगाड्यांचे तांडे रस्त्यावर असतात, पहाटेही आणि रात्रीही. बहुतेक गाड्यांना मागे दिवा नसतो. त्या दिवसांत दांडेली ते उळवी वेग कमी ठेवावा आणि बैलांच्या डोळ्यांवर अप्पर मारू नये. ओळखीचे कोणी गाडी घेऊन जत्रेला निघाले असेल तर गाडीच्या मागे लाल रिफ्लेक्टर पट्टी लावायला सांगावे.

चालत्या गाडीचे चारी इंडिकेटर

धुक्यात चारी इंडिकेटर लावून चालण्याची पद्धत आपल्याकडे फार पसरली आहे. ती सोडावी. चारी इंडिकेटर म्हणजे "माझी गाडी उभी आहे" हा इशारा. चालत्या गाडीने ते लावले की मागच्याला आपण थांबलो आहोत की चाललो आहोत हे कळत नाही, आणि वळताना आपण कुठे वळतो हेही दाखवता येत नाही.

खरोखर थांबावे लागले तर गाडी डांबरावरून पूर्ण बाजूला घ्यावी. मग हेडलाइट बंद करून चारी इंडिकेटर लावावेत आणि ब्रेकवरचा पाय काढावा. टेल लाइट किंवा ब्रेक लाइट तसेच राहिले तर मागून येणाऱ्याला ती चालती गाडी वाटते आणि तो त्या दिव्यांच्या मागे सरळ आपल्यावर येऊ शकतो. त्रिकोणी रिफ्लेक्टर निदान पन्नास पावले मागे, वळणाच्या आधी ठेवावा. बायका-मुलांनी गाडीत बसून किंवा तिच्या मागे उभे राहू नये, रस्त्यापासून दूर सुरक्षित जागी थांबावे.

जादा दिवे आणि बदललेले बल्ब

जीपच्या टपावर एलईडी पट्ट्या आणि बंपरवर सर्चलाइट लावलेल्या गाड्या आपल्या घाटांत हल्ली वाढल्या आहेत. नियम १११ नुसार नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पुढे स्पॉट लाइट किंवा सर्चलाइट लावता येत नाही. नियम १०६ नुसार हेडलाइटचा झोत असा खाली झुकलेला हवा की ८ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर असलेल्या डोळ्यांना तो दिपवणार नाही. समोरून येणाऱ्या गाडीच्या चालकाचे डोळे जवळपास तिथेच असतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम १७७ नुसार पहिल्या वेळी ५०० आणि नंतर १,५०० रुपये दंड आहे. कर्नाटक पोलिसांनी २०२४ मध्ये डोळे दिपवणाऱ्या दिव्यांविरुद्ध राज्यभर कारवाई सुरू केली होती.

हॅलोजन बल्बसाठी बनवलेल्या हेडलाइटमध्ये बाजारातला जास्त प्रखर बल्ब बसवणे हा आणखी एक प्रकार. आतला आरसा ठरावीक बल्बसाठी घडवलेला असतो. दुसरा बल्ब घातला की उजेड वाढतो पण डिपरची वरची सीमारेषा बिघडते, आणि धुक्यात तोच उजेड आपल्यावर उलटतो. अपघातानंतर विमा कंपनीला प्रश्न विचारायला एक कारण मिळते ते वेगळेच. हेडलाइट मंद वाटत असेल तर आधी पिवळी पडलेली काच पॉलिश करून घ्यावी, वायरिंग तपासावे आणि पुस्तिकेत दिलेल्या मापाचाच बल्ब घालावा.

निघण्यापूर्वी

चतुर्थीला गोव्याला किंवा गावी जाताना डिकी सामानाने भरलेली आणि मागे तीन माणसे असतात. गाडी मागे बसते, पुढून उचलली जाते आणि डिपरसुद्धा समोरच्याला अप्परसारखा लागतो. बहुतेक मोटारींत स्टिअरिंगजवळ ० ते ३ आकड्यांची छोटी चकती असते. एकटा चालक असेल तर ०, गाडी भरलेली असेल तर आकडा वाढवावा, म्हणजे झोत खाली येतो. समोरून येणारे वारंवार उजेड मारत असतील तर त्यांना शिव्या देण्याआधी ही चकती पाहावी.

मग घरातल्या कोणालातरी गाडीभोवती फिरायला सांगावे आणि एकेक दिवा लावून दाखवावा: पार्किंग, डिपर, अप्पर, पुढचे फॉग, मागचा फॉग, दोन्ही इंडिकेटर, ब्रेक. एका बाजूचा हेडलाइट गेलेली मोटार रात्री समोरच्याला मोटारसायकल वाटते आणि तो तेवढीच जागा सोडतो. मागचा गेलेला ब्रेक लाइट तर चालकाला कधीच दिसत नाही, तो दुसऱ्यानेच सांगावा लागतो.

थोडक्यात

- मोकळा, कोरडा, अंधारा रस्ता, समोर कोणी नाही: अप्पर.
- समोर गाडी, पुढे गाडी, वस्ती, चढाचा माथा, जनावर: डिपर.
- दिवसा पाऊस, वायपर सतत चालू: डिपर.
- दाट झाडीतला संध्याकाळचा रस्ता, १५५ मीटर दिसत नाही: डिपर.
- धुके, १०० मीटरपेक्षा कमी दिसते: डिपर आणि पुढचे फॉग लाइट.
- ५० मीटरपेक्षा कमी दिसते: मागचा फॉग लाइटही. दिसू लागताच बंद.
- रस्त्याबाहेर उभी गाडी: फक्त चारी इंडिकेटर आणि मागे त्रिकोण.
- काहीच दिसत नाही: गाडी सुरक्षित जागी थांबवावी आणि धुके विरळ होईपर्यंत वाट पाहावी. आपल्या घाटातले धुके बरेचदा अर्ध्या-पाऊण तासात हलते, आणि घरचे तेवढी वाट पाहू शकतात.